मोरोक्को आणि अमेरिका: 'सर्वांत जुनी अखंड मैत्री' हा दावा कितपत टिकतो?

दर्यावर्दी (प्रश्न)

अमेरिकेला मान्यता देणारा पहिला देश मोरोक्को होता आणि या दोन देशांमधला १७८६ चा मैत्रीचा तह आजही लागू आहे, ही दोन विधाने दोन्हीकडच्या नेत्यांच्या भाषणांत वारंवार येतात. १७७७ साली अमेरिकेच्या तेरा वसाहती ब्रिटनशी लढत होत्या, त्या लढाईचा निकाल काय लागेल हे कोणालाच सांगता येत नव्हते आणि त्यांचा एकही प्रतिनिधी तोवर मोरोक्कोत पोहोचलेला नव्हता. अशा वेळी अटलांटिकच्या दुसऱ्या काठावरच्या एका सुलतानाने आपण होऊन पुढाकार का घ्यावा, हे मला समजून घ्यायचे आहे.

दुसरी शंका 'पहिला' आणि 'अखंड' या दोन दाव्यांबद्दल आहे. फ्रान्सने ६ फेब्रुवारी १७७८ रोजी अमेरिकेशी रीतसर तह केला. त्याच्याही आधी, १६ नोव्हेंबर १७७६ रोजी, कॅरिबियनमधल्या सिंट युस्टेशियस या डच बेटावरून अमेरिकी जहाजाला तोफांची सलामी दिली गेली होती. शिवाय १८०२ मध्ये मोरोक्कोने अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले होते आणि १९१२ ते १९५६ या काळात मोरोक्को फ्रान्स आणि स्पेन यांच्या संरक्षणाखाली होता. हे सगळे जमेस धरले तर हा दावा नेमका कशावर उभा आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

अभिलेख

सुरुवातीच्या दहा वर्षांबद्दल लिहितो, कारण या संबंधांचा पाया तिथे आहे आणि तो बहुतेक लेखांत दोन ओळींत उरकला जातो.

सुलतान मोहम्मद तिसरा १७५७ ते १७९० या काळात गादीवर होता. त्याच्या आधीची अनेक दशके मोरोक्कोत वारसाहक्काच्या भांडणांत आणि लष्कराच्या बंडांत गेली होती. खजिना भरायचा तर प्रजेवर कर वाढवण्यापेक्षा सागरी व्यापारावरची जकात वाढवणे त्याला अधिक शहाणपणाचे वाटले, आणि म्हणून त्याने १७६० च्या दशकात अटलांटिकच्या किनाऱ्यावर मोगादोर, म्हणजे आजचे एसाविरा, हे बंदर मुद्दाम वसवले. युरोपातल्या एकामागून एक राष्ट्रांशी तह करून त्याने आपल्या बंदरांत परकी व्यापाऱ्यांना बोलावून घेतले. २० डिसेंबर १७७७ च्या जाहीरनाम्याकडे या धोरणाचा एक भाग म्हणून पाहिले, तर सुलतानाने पुढाकार का घेतला याचे उत्तर आपोआप मिळते. ज्या राष्ट्रांशी मोरोक्कोचा तह नव्हता, त्यांच्याही जहाजांना आपल्या बंदरांत मुक्तपणे ये-जा करता येईल, असे त्याने जाहीर केले आणि त्या यादीत अमेरिकेचे नाव घातले. म्हणजे त्याने अमेरिकेच्या क्रांतीची बाजू घेतली असे नव्हे. समुद्रावर एक नवा झेंडा दिसू लागला आहे आणि त्या झेंड्याखालची जहाजे आपल्या बंदरात यावीत, एवढे त्याने ओळखले. माझ्या मते त्याची दूरदृष्टी यातच आहे, आणि तिला भावनिक रंग देण्याची काहीच गरज नाही.

ज्या राष्ट्रांचे वाणिज्यदूत मोरोक्कोत नव्हते, त्यांचे काम पाहण्यासाठी सुलतानाने सले येथील एतिएन दोदिबेर काय या फ्रेंच व्यापाऱ्याला नेमले होते. त्याने पॅरिसमध्ये असलेल्या बेंजामिन फ्रँकलिन यांना सुलतानाची इच्छा पत्राने कळवली. फ्रँकलिन यांनी त्याला फारसा प्रतिसाद दिला नाही. अमेरिकेच्या काँग्रेसने १७८० च्या अखेरीस या मैत्रीच्या प्रस्तावाची दखल घेतली, पण युद्ध चालू असल्यामुळे प्रत्यक्षात काहीच घडले नाही. सुलतान वर्षानुवर्षे वाट पाहत राहिला.

अखेर त्याने ऑक्टोबर १७८४ मध्ये 'बेट्सी' हे अमेरिकी व्यापारी जहाज पकडून आणवले. यामागची परिस्थिती लक्षात घ्यायला हवी. १७७६ पूर्वी अमेरिकी वसाहतींची जहाजे ब्रिटिश परवान्यांच्या संरक्षणाखाली भूमध्य समुद्रात फिरत असत. स्वातंत्र्याबरोबर ते संरक्षण गेले, आणि स्वतःचे आरमार तर अमेरिकेजवळ नव्हतेच. सुलतानाने मात्र 'बेट्सी'च्या खलाशांना गुलाम केले नाही, की त्यांच्या सुटकेसाठी पैसे मागितले नाहीत. तह होईपर्यंत त्यांना ठेवून घेतले जाईल, एवढेच सांगितले. स्पेनच्या मध्यस्थीने १७८५ च्या उन्हाळ्यात ते सुटले. हा दबाव होता हे नाकारता येणार नाही, पण तो तहासाठीच होता आणि तह व्हावा ही इच्छा सुलतानाची होती.

त्यानंतर युरोपातले अमेरिकी दूत जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसन यांनी थॉमस बार्कले यांना मोरोक्कोला पाठवले. बार्कले जून १७८६ मध्ये माराकेशला पोहोचले आणि अवघ्या काही दिवसांत तहाचा मसुदा पक्का झाला. तहाची मुदत ५० वर्षांची होती, आणि विशेष म्हणजे दरवर्षी खंडणी देण्याची कोणतीही अट त्यात नव्हती. याचे महत्त्व अल्जियर्स या उत्तर आफ्रिकेतल्याच राज्याशी झालेल्या तहाशी तुलना केल्यावर कळते: १७९५ मध्ये अल्जियर्सशी शांतता करताना अमेरिकेला सुमारे ६,४२,५०० डॉलर मोजावे लागले आणि शिवाय दरवर्षी जहाजबांधणीचे साहित्य देण्याचे कबूल करावे लागले. मोरोक्कोच्या तहावर जेफरसन यांनी १ जानेवारी १७८७ रोजी पॅरिसमध्ये आणि अ‍ॅडम्स यांनी २५ जानेवारीला लंडनमध्ये सही केली. १८ जुलै १७८७ रोजी काँग्रेसने त्याला मंजुरी दिली. म्हणजे अमेरिकेची आजची राज्यघटना तयार होण्याआधीच हा तह झालेला होता.

एक कागद मला या साऱ्या व्यवहारात विशेष मोलाचा वाटतो. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी राष्ट्राध्यक्ष झाल्यानंतर १ डिसेंबर १७८९ रोजी सुलतानाला पत्र लिहिले. आमच्या भूमीत सोन्याचांदीच्या खाणी नाहीत, दीर्घ युद्धातून आम्ही नुकतेच सावरत आहोत आणि शेती व व्यापार यांतून संपत्ती मिळवायला आम्हाला अजून वेळ मिळालेला नाही, असे त्यांनी त्यात मोकळेपणाने लिहिले. ट्युनिस आणि त्रिपोली येथील सत्ताधीशांकडे सुलतानाने अमेरिकेसाठी शब्द टाकला होता, त्याबद्दल त्यांनी आभारही मानले. ज्या दोन देशांच्या सामर्थ्यात आज इतके अंतर आहे, त्यांच्या पत्रव्यवहाराच्या आरंभी उपकाराची बाजू मोरोक्कोकडे होती, हे या पत्रातून स्पष्ट दिसते.

शर्मिला_व

'पहिला कोण' या प्रश्नावर थोडक्यात लिहिते. सिंट युस्टेशियसची सलामी एका बेटाच्या गव्हर्नरने दिली होती आणि ब्रिटनने तक्रार करताच डच सरकारने त्या गव्हर्नरला जाब विचारला. नेदरलँड्सची रीतसर मान्यता १९ एप्रिल १७८२ रोजी आली. म्हणून ती सलामी राज्याची कृती मानता येत नाही. फ्रान्सचा १७७८ चा तह ही पहिली करारबद्ध मान्यता आहे आणि त्याबद्दल वाद नाही. मोरोक्कोची १७७७ ची घोषणा मात्र एका सार्वभौम राजाची होती, ती सार्वजनिक होती आणि फ्रान्सच्या तहापूर्वीची होती. अमेरिकेचे नाव इतर राष्ट्रांच्या पंक्तीला बसवून तिच्या जहाजांना तेच हक्क देणे, याला मान्यता म्हणायचे असेल तर पहिला मान मोरोक्कोचा ठरतो. तह आणि परस्पर प्रतिनिधी यांनाच मान्यता म्हणायचे असेल तर तो फ्रान्सचा ठरतो. मला पहिली बाजू अधिक पटते, कारण त्या काळी समुद्रावर झेंडा स्वीकारणे म्हणजे त्या झेंड्यामागचे राज्य स्वीकारणे होते.

दर्यावर्दी

अभिलेख आणि शर्मिला, आपल्या दोघांचेही मनःपूर्वक आभार. वॉशिंग्टन यांच्या पत्राचा संदर्भ माझ्यासाठी नवीन आहे. आता 'अखंड' या शब्दाबद्दल कोणी लिहील का? १८०२ च्या युद्धाच्या घोषणेनंतरही संबंध अखंड राहिले असे कसे म्हणता येते? आणि मोरोक्को स्वतः पारतंत्र्यात असताना त्याने केलेल्या तहाचे काय झाले?

पुरालेखक

१८०२ चा प्रसंग गंभीर होता, पण ऑक्टोबर १८०३ पर्यंत तो मिटला. अमेरिकेचे तेव्हा त्रिपोलीशी युद्ध चालू होते आणि अमेरिकी युद्धनौकांनी त्रिपोली बंदराची नाकेबंदी केली होती. सुलतान मौलाय सुलेमान याला त्रिपोलीकडे धान्य पाठवायचे होते, आणि टँजियरमधले अमेरिकी वाणिज्यदूत जेम्स सिम्पसन त्यासाठी लागणारे परवाने देत नव्हते. त्यावरून सुलतानाने सिम्पसन यांना निघून जाण्याचा हुकूम दिला आणि युद्ध पुकारले. १८०३ मध्ये 'मिरबोका' आणि 'मेशूदा' ही मोरोक्कोची जहाजे अमेरिकी आरमाराच्या हाती लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कमोडोर एडवर्ड प्रेबल आपल्या युद्धनौकांसह टँजियरला आले. तोफांच्या सावलीत झालेल्या बोलण्यांत जहाजे परत करण्याचे ठरले आणि १७८६ चा तह कायम असल्याचे सुलतानाने पुन्हा मान्य केले. त्यामुळे तह अखंड राहिला हे खरे, पण शांतता अखंड राहिली असे म्हणता येणार नाही. भाषणांमध्ये या दोन गोष्टींची सरमिसळ होते.

पुढचा टप्पा सौहार्दाचा होता. १८२१ मध्ये याच मौलाय सुलेमानने टँजियरच्या जुन्या शहरातली एक इमारत अमेरिकेला भेट दिली. परदेशात अमेरिकी सरकारच्या मालकीची झालेली ही पहिली वास्तू. तिथे आधी वाणिज्यदूताचे कार्यालय आणि नंतर वकिलात होती. आज तिथे संग्रहालय आहे, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत १९८२ पासून तिची नोंद आहे. परदेशातली अशी ती एकमेव वास्तू आहे. १७८६ च्या तहाची ५० वर्षांची मुदत संपताच १६ सप्टेंबर १८३६ रोजी मेकनेस येथे तो नव्याने करण्यात आला. त्यात एक महत्त्वाची भर पडली: पुढची ५० वर्षे उलटल्यावरही, कोणत्याही एका बाजूने १२ महिन्यांची सूचना देईपर्यंत तह चालूच राहील. आज जो लागू आहे तो हा १८३६ चा तह.

आता ज्या भागाबद्दल फार कमी बोलले जाते, त्याकडे वळतो. तहाच्या विसाव्या कलमात असे होते की, अमेरिकी नागरिकांत किंवा अमेरिकेच्या संरक्षणाखालील व्यक्तींत आपापसांत वाद झाला तर त्याचा निवाडा वाणिज्यदूत करील. १७८६ साली ही तरतूद निरुपद्रवी होती. मोरोक्कोच्या बंदरांत मोजके परकी व्यापारी राहत, त्यांची भांडणे त्यांची त्यांनी मिटवावीत अशीच सुलतानाचीही इच्छा होती. परंतु एकोणिसाव्या शतकात युरोपीय सत्तांचे बळ वाढले, तसा या सवलतींचा अर्थही बदलत गेला. परकी वाणिज्यदूत स्थानिक दलालांना, मध्यस्थांना, व्यापाऱ्यांना संरक्षणाचे कागद देऊ लागले आणि तो कागद हाती असलेला मोरोक्कोचा प्रजाजन सुलतानाच्या न्यायालयातून आणि करांतून निसटू लागला. तहातल्या सर्वाधिक अनुकूल राष्ट्राच्या कलमामुळे दुसऱ्या कोणाला मिळालेली सवलत अमेरिकेलाही आपोआप मिळत असे. हा गैरवापर आवरण्यासाठी सुलतान मौलाय हसन पहिला याच्या आग्रहाने १८८० मध्ये माद्रिदला परिषद भरली. तिने संरक्षणाची पद्धत मोडली तर नाहीच, उलट तिला आंतरराष्ट्रीय मान्यता दिली.

१९०४ मध्ये टँजियरजवळ इऑन पर्डिकारिस या धनाढ्य गृहस्थाचे रायसुनी या स्थानिक टोळीप्रमुखाने अपहरण केले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी युद्धनौका पाठवल्या. हे गृहस्थ आता अमेरिकी नागरिक राहिलेले नाहीत, त्यांनी पूर्वीच ग्रीक नागरिकत्व घेतले आहे, असा संशय अमेरिकी सरकारला आला होता; तरीही मोरोक्कोच्या सरकारवर दबाव आणून त्यांची सुटका करवून घेण्यात आली. ज्या राज्याकडे आपल्या गरिबीची कबुली देऊन वॉशिंग्टन यांनी पत्र लिहिले होते, त्याच्याशी शंभरएक वर्षांनी असा व्यवहार होत होता. म्हणून मला वाटते की, तहाचा कागद तोच राहिला तरी त्याखालचे संबंध तेच राहिले, असे मानणे चूक आहे.

अभिलेख

पुरालेखक यांच्या मुद्द्याशी मी पूर्णपणे सहमत आहे आणि त्याला पुढची एक बाजू जोडतो, कारण पारतंत्र्याच्या काळात त्याच कलमांतून एक वेगळा निष्कर्ष निघाला.

३० मार्च १९१२ च्या फेझच्या तहाने मोरोक्को फ्रान्सचे संरक्षित राज्य झाले. अमेरिकेने ही व्यवस्था १९१७ मध्ये मान्य केली, पण जुन्या तहातले आपले हक्क सोडले नाहीत. ब्रिटनने १९३७ मध्ये आपले असे हक्क सोडून दिल्यावरही अमेरिकेने ते धरून ठेवले. ३० डिसेंबर १९४८ रोजी फ्रेंच प्रशासनाने मोरोक्कोत आयातीवर निर्बंध घालणारा हुकूम काढला आणि त्यातून फ्रान्समधून येणाऱ्या मालाला सूट दिली. मोरोक्कोतल्या अमेरिकी व्यापाऱ्यांनी आक्षेप घेतला, वाद वाढला आणि १९५० मध्ये फ्रान्सने प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेले.

२७ ऑगस्ट १९५२ रोजी निकाल लागला. फ्रान्सला दिलेली विशेष सूट अमेरिकेच्या समान आर्थिक वागणुकीच्या हक्काशी विसंगत ठरली. अमेरिकी वाणिज्यदूताचा न्यायदानाचा अधिकार १८३६ च्या तहापुरता आणि मोरोक्कोविषयीच्या १९०६ च्या अल्जिसिरास या आंतरराष्ट्रीय कराराच्या काही तरतुदींपुरता मान्य झाला. त्यापलीकडचा अधिकार आणि करांतून मिळणारी माफी न्यायालयाने नाकारली. दोन्ही पक्षांना थोडे मिळाले, थोडे गेले. पण या निकालपत्रात एक गोष्ट नोंदली गेली, ती मोरोक्कोच्या दृष्टीने सर्वांत मोठी होती: संरक्षणाखाली असतानाही मोरोक्कोचे राज्य म्हणून आंतरराष्ट्रीय कायद्यातले अस्तित्व संपलेले नाही. या खटल्यात मोरोक्को स्वतः पक्षकार म्हणून उभा नव्हता, त्याच्या वतीने फ्रान्स बोलत होता, आणि तरीही त्याचे राज्यत्व मान्य झाले. ज्या जुन्या तहाने मोरोक्कोचे न्यायाधिकार कुरतडले होते, त्याच तहावरून उभ्या राहिलेल्या वादात हे घडावे, यात मला या संबंधांचे सर्वांत गुंतागुंतीचे रूप दिसते. दर्यावर्दी यांनी तहाचे पारतंत्र्यात काय झाले असे विचारले आहे. तो जिवंत राहिला, आणि मोरोक्कोचे राज्यही कायद्याच्या दृष्टीने जिवंत होते.

निलगिरी

विसाव्या शतकाचा उत्तरार्ध राहिला आहे, त्याबद्दल माझी भर.

दुसऱ्या महायुद्धात, नोव्हेंबर १९४२ मध्ये, अमेरिकी फौजा मोरोक्कोच्या किनाऱ्यावर साफी, फेदाला आणि पोर्ट ल्योते येथे उतरल्या. जानेवारी १९४३ मध्ये कासाब्लांकाच्या अन्फा भागात फ्रँकलिन रूझवेल्ट आणि विन्स्टन चर्चिल यांची परिषद झाली. त्या मुक्कामात, २२ जानेवारीला, रूझवेल्ट यांनी सुलतान मोहम्मद पाचवा यांना भोजनाला बोलावले. ही घटना वरवर शिष्टाचाराची दिसते, पण एका मोठ्या सत्तेच्या प्रमुखाने सुलतानाला यजमान देशाचा राजा म्हणून वागवले होते, आणि मोरोक्कोच्या स्वातंत्र्यवाद्यांनी त्यातून उमेद घेतली. त्यानंतर वर्षभरातच, ११ जानेवारी १९४४ रोजी, स्वातंत्र्याची मागणी करणारा जाहीरनामा प्रसिद्ध झाला.

अमेरिकेची भूमिका मात्र सरळ नव्हती. शीतयुद्धात तिला फ्रान्स नाराज व्हायला नको होता. १९५० च्या अखेरीस फ्रान्सशी करार करून तिने मोरोक्कोत हवाई तळ उभारले, आणि त्यासाठी सुलतानाची संमती घेतली गेली नाही. १९५६ मध्ये मोरोक्को स्वतंत्र झाल्यावर हे तळ लगेचच वादाचा विषय झाले. त्याच वर्षी अमेरिकेने न्यायदानाचे जुने हक्क सोडले आणि रबातमध्ये दूतावास उघडला. वॉशिंग्टनमध्ये मोरोक्कोचा कायमचा राजदूतही स्वातंत्र्यानंतरच आला, म्हणजे प्रतिनिधी पाठवण्याच्या बाबतीत हे संबंध जवळजवळ पावणेदोनशे वर्षे एकतर्फी होते. मोहम्मद पाचवे १९५७ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. डिसेंबर १९५९ मध्ये ड्वाइट आयझेनहॉवर कासाब्लांकाला आले, तेव्हा हवाई तळ १९६३ च्या अखेरपर्यंत रिकामे करण्याचे ठरले आणि तसे ते रिकामे झालेही. तह हे संबंधांचे एक अंग झाले. दोन देश वाद कसा सोडवतात हे दुसरे, आणि मला या तळांच्या प्रकरणात ते चांगले दिसते.

त्यानंतरच्या ठळक गोष्टी थोडक्यात: २००४ मध्ये मोरोक्कोला नाटोबाहेरील प्रमुख मित्रदेशाचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी सही झालेला मुक्त व्यापार करार १ जानेवारी २००६ पासून लागू झाला. १० डिसेंबर २०२० रोजी अमेरिकेने पश्चिम सहारावरचे मोरोक्कोचे सार्वभौमत्व मान्य केले, आणि त्याच वेळी मोरोक्कोने इस्रायलशी संबंध पूर्ववत करण्याची तयारी दाखवली. पश्चिम सहाराला स्वतःचे राज्य हवे असलेल्या पोलिसारिओ आघाडीला आणि अल्जीरियाला हा निर्णय मान्य नाही, आणि संयुक्त राष्ट्रांच्या लेखी तो प्रदेश अजूनही स्वशासन न मिळालेल्या प्रदेशांच्या यादीत आहे. १७७७ च्या मान्यतेची ही परतफेड झाली, असे काही भाष्यकार लिहितात. मला ही मांडणी पटत नाही. १७७७ च्या घोषणेने कोणा तिसऱ्या जनसमूहाच्या भवितव्याचा निर्णय होत नव्हता. २०२० च्या निर्णयाने होतो.

दर्यावर्दी

सर्वांचे आभार. एक शेवटची विचारणा: १८३६ च्या तहातले विसावे कलम १९५६ मध्ये निकामी झाले असेल, तर बाकीच्या तहाला आज व्यवहारात काही अर्थ उरतो का?

पुरालेखक

मर्यादित अर्थ उरतो. व्यापाराचे नियम आता मुक्त व्यापार करारातून येतात, नागरिकांच्या खटल्यांचा निवाडा ज्या त्या देशाच्या न्यायालयात होतो, आणि युद्धकैद्यांविषयीची कलमे जिनिव्हा करारांमुळे मागे पडली आहेत. तरीही अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या लागू तहांच्या यादीत तो आहे आणि १२ महिन्यांची ती सूचना आजवर दोघांपैकी कोणीही दिलेली नाही.